ओढणीचं दुसरं टोक

त्या दिवशी ओढणीची गाठ कमरेवर नव्हती. ती सरकत सरकत बगलेतून वर आली होती आणि गळ्याखाली अडकून बसली होती. चार वर्षांची ती पोर कॉटच्या पायाला टेकून पडली होती, तोंड उघडं, मान एका बाजूला. मी दारातच थिजले. झोपलीय, का... पुढचं मनातसुद्धा म्हणायची माझी छाती झाली नाही. धावत गेले, गाठीत बोट घातलं, बोट आत शिरलं. पोरीने डोळे उघडले आणि मला बघून चक्क हसली.

ही धाकटी. तिला बांधणारी तिची सख्खी बहीण, अकरा वर्षांची. दोघींची नावं मी लिहिणार नाही, कुणाचंच लिहिणार नाही, त्यामुळे इथे त्या थोरली आणि धाकटी.

परभणीच्या बाहेर, पिंगळीच्या रस्त्याला मुलींचं एक बालगृह होतं. तिथे मी आठवड्यातून तीन दिवस समुपदेशक म्हणून जायची, अडीनडीला बाकीचे दिवसही. शब्द मोठा आहे. प्रत्यक्षात ज्वारीची पोती हलवून रिकामी केलेली एक खोली, बांधकामातून उरलेली वाळू भरलेला पत्र्याचा ट्रे, थोड्या बाहुल्या, रंगखडू आणि मी. लोकांना वाटतं, असली कामं करणारी माणसं मोठ्या धीराची. कशाचा आलाय धीर. मला पहिल्या दिवसापासून भीती वाटत आलीय. लेकरू गप्प बसलं तर भीती, बोलायला लागलं तर त्याहून जास्त. आणि भ्यायले की मी चिडते, हा माझा जुना दुर्गुण. त्या दिवशीही मी धाकटीला सोडवलं, ओढणी गुंडाळून पर्समध्ये कोंबली आणि आंघोळीहून परत आलेल्या थोरलीवर उखडले.

"अगं, गळ्याला आली होती गाठ. जीव गेला असता तिचा."

तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. आधी बहिणीला डोक्यापासून पायापर्यंत निरखलं, मग म्हणाली, "वढनी द्या."

दिली नाही मी. तासाभराने पाहते तर धाकटी परत बांधलेली, या खेपेला सुतळीने.

दोघी आल्या होत्या चारठाण्याच्या बाजूच्या एका खेड्यातून. आई आदल्या वर्षी आजारपणात गेलेली. बाप ऊसतोडीच्या टोळीबरोबर लांब कुठल्या कारखान्यावर. जाताना पोरींना आपल्या म्हाताऱ्या आत्याकडे ठेवून गेला, आणि ती आत्या अंथरुणाला खिळली. गावच्या अंगणवाडीताईने कळवलं म्हणून दोघींना इथे आणलं. बापाचा फोन कधी लागायचा, कधी नाही. लागला की एकच बोलायचा, पट्टा पडला की येतो, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला की. नियमाने सहा वर्षांच्या आतलं लेकरू शिशुगृहात जातं, पण बहिणी आहेत म्हणून बाल कल्याण समितीने दोघींना एकत्र ठेवलेलं.

आणि थोरली तिला बांधायची. आंघोळीला निघाली की बांधायची, धुणं घेऊन गेली की बांधायची, शाळेची वेळ झाली की बांधायची. परत येऊन आधी गाठ बघायची, मग बहिणीकडे. कुणी सोडवलेलं दिसलं तर त्या दिवशी जेवायची नाही.

अधीक्षक मॅडम बेजार झाल्या होत्या. बाई वाईट नव्हत्या. चाळीस मुलींची जबाबदारी आणि कधीही दारात उभी राहणारी तपासणी, त्यांचाही जीव टांगणीलाच. गळ्यापर्यंत आलेल्या गाठीचं मी सांगितलं तसा त्यांचा चेहरा पडला.

"मॅडम, थोरलीला दुसऱ्या जिल्ह्यात हलवायचं पत्र मी तयार ठेवलंय. तुमचा अहवाल द्या, म्हणजे येत्या गुरुवारी समितीपुढे ठेवता येईल. उद्या काही झालं तर तुमी-आमी सगळेच आत जाऊ."

आत जायची भीती मलाही होती, खोटं कशाला बोलू. पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती. दोघींना एकत्र ठेवा असं लिहिलं आणि गाठ पुन्हा सरकली तर? आणि वेगळं करा असं लिहिलं तर आई गेलेली, बाप लांब, राहिलेली एक बहीणही मीच तोडली असं होणार. चार ओळींचा कागद, पण तो कोराच राहिला.

मी थोरलीला खोलीत बसवलं. वाळूचा ट्रे पुढे ठेवला आणि म्हटलं, वाटेल ते मांड. बराच वेळ तिने हातही लावला नाही. मग एक पेन्सिल उचलून वाळूत उभी रोवली. फ्रॉकच्या दुमडीतून दोरा उसवला आणि एक बाहुली पेन्सिलीला बांधली, कमरेला दोन वेढे देऊन, अगदी निगुतीने. दुसरी बाहुली उचलली, थोडा वेळ हातात धरली आणि ट्रेच्या बाहेर फरशीवर ठेवली, तोंड खाली करून.

"हिला कुणी बांधलं?" मी बांधलेल्या बाहुलीकडे बोट केलं.

"आईनं. मला बी बांधायची."

झालं. माझ्या डोक्यात लगेच प्रकाश पडला. पडू नये तिथेच माझा प्रकाश पडतो. मी पुढे काही विचारलं नाही. फरशीवरच्या बाहुलीबद्दल तर नाहीच नाही. त्याच दिवशी टाइप करायला बसले. मुलीला लहानपणी बांधून ठेवण्याचा क्रूरपणा तिच्या आईकडून झालेला आहे, तोच प्रकार ती आता धाकट्या बहिणीवर करते आहे, धाकटीच्या जिवाला धोका संभवतो, दोघींना वेगळं ठेवणं योग्य. भाषा कशी स्वच्छ, मुद्देसूद. अधीक्षक मॅडम वाचून म्हणाल्या, किती छान मांडलंत. शुक्रवारी अहवाल समितीकडे गेला आणि मला हलकं वाटलं. हे हलकं वाटणं आठवलं की आजही माझी मलाच लाज वाटते.

शनिवारी मी राहिलेल्या फायली पुऱ्या करायला गेले होते. स्वयंपाकाच्या मावशी माझा चहा घेऊन खोलीत आल्या. ट्रे तसाच पडला होता. कप ठेवता ठेवता त्या वाकून बघायला लागल्या.

"हे कुणी केलं? थोरलीनं का?"

"हो. आईने बांधून ठेवलेलं आहे तिला. बघा ना, काय माणसं असतात."

मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जरा वरमलेच. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. पदराला हात पुसत म्हणाल्या, "मॅडम, म्या बारा हंगाम ऊस तोडलाय. माझे तिन्ही लेकरं कोपीच्या मेढीला, खांबाला, बांधूनच वाढले. नवराबायको दोघं फडात. एका अंगाला इहीर, एका अंगाला ट्रॅक्टर. मोकळं सोडावं कुनाच्या भरवशावर? बांधलेलं लेकरू रडतंय, पर सांजच्याला सापडतंय तरी."

मी चहा हातात धरून तशीच बसले. माझा बाप शिक्षक, माझा काका शिक्षक. आमच्या घरात ऊस म्हणजे संक्रांतीच्या सुगडात घालायची कांडी. रस्त्याकडेला उसाच्या पाचटाने शाकारलेल्या कोप्या एसटीच्या खिडकीतून कितीदा पाहिल्या असतील, पण आत कधी डोकावले नाही. आणि त्या बाईला, मेलेल्या बाईला, मी सरकारी कागदावर क्रूर ठरवून मोकळी झाले होते.

"आन ही दुसरी?" मावशींनी फरशीवरची बाहुली चपलेला लागू नये म्हणून हळूच बाजूला सरकवली. "हिला न्हाई बांधलं वाटतं."

मी चहाचा कप न पिताच खाली ठेवला.

सोमवारी मी थोरलीला परत बोलावलं. या वेळी धाकटीलाही आत घेतलं, कोपऱ्यात रंगखडू देऊन बसवलं. पर्समधली ओढणी काढून थोरलीच्या मांडीवर ठेवली. म्हटलं, "मी चुकले. तुझ्या आईनं तुला सांभाळायलाच बांधलं होतं. मला ते कळलं नाही."

तिने ओढणी मुठीत घेतली. मग मी फरशीवरच्या बाहुलीकडे बघून विचारलं, "ही कोण आहे?" उत्तर अंदाजाने कळलं होतं आणि ते ऐकायचं नव्हतं.

ती बोलली ते तुटक तुटक, ओढणीच्या टोकाला पीळ घालत. तिच्यापाठचा एक भाऊ होता, अडीच वर्षांचा. तेव्हा ही सातची, धाकटी नुकती जन्मलेली, झोळीत. आई सकाळी भावाला मेढीला बांधून फडात गेली आणि हिला म्हणाली, ध्यान ठेव.

"त्यो लय रडायलता. दोरी रुततीय म्हनून. मग म्या सोडलं. जरासं खेळ म्हनलं. झोळीतली उठली म्हनून म्या तिकडं बघितलं, आन ट्रॅक्टर माघं आला."

कोपऱ्यात धाकटी खडूने रेघोट्या ओढत होती. त्याचा कर्रकर्र आवाज येत होता.

"कुणाला सांगितलंस?"

तिने मान हलवली. नाही. "समदे म्हनले, आईची गाठ ढिली व्हती. पप्पा बी म्हनले. आत्याआजी बी म्हनली. आई काहीच बोलली न्हाई. मरोस्तर तेच ऐकत गेली." आणि मग अगदी सपाट आवाजात, "गाठ ढिली नव्हती. आईची गाठ कधीच ढिली नसायची."

मी बऱ्याच लेकरांचं ऐकलंय. रडायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, घाईने जवळ घ्यायचं नाही, हे सगळं मला पाठ आहे. त्या दिवशी मी काही केलं नाही त्याचं कारण मात्र शिक्षण नव्हतं. मला भीती वाटत होती की मी एक चुकीचा शब्द बोलेन आणि ही पोर परत जन्मभर मिटून जाईल.

"लिवनार का तुमी?" तिने विचारलं.

"भावाला सोडल्याचं नाही लिहिणार. ती तुझी गोष्ट आहे. बांधण्याबद्दल लिहावंच लागेल."

ते मी पाळलं. समितीला दिलेल्या दुसऱ्या कागदात एवढंच लिहिलं की मुलीने ऊसतोडीच्या ठिकाणी एक अपघात पाहिलेला आहे आणि बहिणीला बांधते ती तिला वाचवण्यासाठी. आज ती मोठी झालीय, कमावते. हे लिहायला घेण्याआधी तिला फोन केला. म्हणाली, लिवा, नाव नका टाकू, आन आईची गाठ ढिली नव्हती ते लिवा.

दुसरा कागद घेऊन गेले तेव्हा अधीक्षक मॅडमच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "दोन दिवसांत मुलगी बदलली का हो?"

"मुलगी तीच आहे. चुकले मी."

"आणि पुन्हा गाठ गळ्याला आली तर?"

मी त्यांना तीन दिवस मागितले. तीन दिवसांत काय होतं, काही नाही. पण ओढणीची एक युक्ती मला सुचली होती. कॉटच्या पायाला बांधायचं नाही. ओढणीचं एक टोक धाकटीच्या हातात, दुसरं टोक जिवंत माणसाच्या हातात. माणूस कोण, ते थोरलीने ठरवायचं. आधी तिने मावशींना निवडलं. टोक मावशींच्या हातात देऊन थोरली दारापर्यंत गेली, वीस अंक मोजले आणि धावत आली. मग पन्नास. मग आंघोळ, तीही दोन तांबे अंगावर ओतून, ओल्या केसांनी. बुधवारी दुपारी तिने टोक माझ्या हातात दिलं. माझ्याकडे टक लावून म्हणाली, "रडली तरी सोडायचं न्हाई."

"नाही सोडणार," मी म्हणाले. शप्पथ घेतल्यासारखं म्हणाले.

गुरुवारी दोघींना घेऊन समितीपुढे गेलो. एका सरकारी इमारतीच्या मागच्या बाजूला समितीची खोली, पुढे व्हरांडा, व्हरांड्यासमोर मोकळं आवार, आवारात लावलेल्या गाड्या. फाटकापाशी एक गारेगारवाला उभा. अधीक्षक मॅडमना आधी आत घेतलं, मग मला. समितीच्या अध्यक्षा बाईंनी माझे दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि चष्म्यावरून पाहिलं. "यातला खरा कोणता धरायचा?" मी दुसरा म्हणाले. त्या म्हणाल्या, मोठ्या मुलीशी एकटीशी बोलायचंय, कुणी नको. मी बाहेर येऊन थोरलीला सांगितलं.

थोरली उठली. ओढणी आणायची गडबडीत राहून गेली होती. ती व्हरांड्यात उभी राहून इकडेतिकडे बघायला लागली, मग तिने धाकटीचा हात उचलला आणि माझ्या हातात दिला. आत गेली. दार लागलं.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. धाकटीला गारेगार दिसलं.

"मला ते पायजे."

"ताई आली की घेऊ."

"आत्ता पायजे." आणि ती ओढायला लागली. मी हात घट्ट केला. ती रडायला लागली. आधी हळू, मग व्हरांडाभर ऐकू जाईल असं. बाकावरची माणसं वळून बघायला लागली. "हात दुखायलाय, हात दुखायलाय." मी खाली पाहिलं तर तिची बोटं माझ्या मुठीत खरंच पांढरी पडली होती. मी मूठ ढिली केली. सोडायचं नव्हतं मला, जरा ढिलं करायचं होतं, तिला दुखत होतं म्हणून.

हात निसटला. दोन पायऱ्या उतरून ती आवारात पळाली.

आवारात एक पिकअप मागे येत होता. मागे घेताना वाजते ती ट्यांव ट्यांव धून मला ऐकू आली. मी पळाले. चप्पल निघाली. हाताला फ्रॉकचा मागचा बंद लागला, तो धरून मी मागे ओढलं, दोघी मातीत बसलो. पिकअप आमच्यापुढे हातभर अंतरावर थांबला. ड्रायव्हर खाली उतरला, त्याचाही चेहरा पांढराफटक. "बाई, येवढं येक लेकरू सांभाळता येईना का तुमाला?"

धाकटीला उचलून व्हरांड्यात आणलं, तिच्या गुडघ्यावरची माती झाडली. तेवढ्यात दार उघडलं.

थोरली बाहेर आली. आधी बहीण पाहिली, डोक्यापासून पायापर्यंत. मग माझ्या पायाकडे पाहिलं. एका पायात चप्पल नव्हती.

"सोडलं न्हवतं ना?"

माझ्या मागे अधीक्षक मॅडम उभ्या होत्या. त्या इतका वेळ शेजारच्या कार्यालयात होत्या, त्यांनी काही पाहिलं नव्हतं. नाही म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. पोर अंगाने धड होती. तीन दिवसांत मोठ्या मुश्किलीने मिळालेला विश्वास होता. 'नाही' हा शब्द जिभेवर येऊन बसला होता. पण मला ती मेढ दिसली, ती गाठ दिसली, आणि मरेपर्यंत गप्प राहिलेली ती बाई.

"सोडलं," मी म्हणाले. "हात दुखतोय म्हणून रडायला लागली. मी मूठ ढिली केली. ती पळाली, आणि गाडी मागे येत होती. फ्रॉक हाताला लागला म्हणून वाचली. नसता लागला तर..."

अधीक्षक मॅडमनी कपाळाला हात लावला. थोरली माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, संपलं, आता ही पोर कुणाच्याच हातात काही देणार नाही.

"लय रडायलती का?" तिने विचारलं.

"लय."

"मग सोडावंच वाटतंय," ती म्हणाली.

आणि तिथेच, व्हरांड्याच्या पायरीवर बसून ती रडायला लागली. दोन महिन्यांत मी तिला पहिल्यांदा रडताना पाहत होते. मोठ्याने, नाक पुसायचंही भान नाही. धाकटी तिच्या गळ्यात पडली आणि हिला काय झालं म्हणून घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी त्या दोघींच्या शेजारी मातीने भरलेले पाय घेऊन बसले.

बऱ्याच वेळाने दारातून शिपाई डोकावला. म्हणाला, दोघी एकत्रच राहणार, तीन महिन्यांनी परत बघू असं ठरलंय, मोठीला तिच्या जबाबावर सहीला आत बोलावलंय.

थोरली उठली. ओढणी नव्हतीच, म्हणून फ्रॉकच्या बाहीने तोंड पुसलं. दाराकडे दोन पावलं गेली, थांबली, परत आली. धाकटीचा हात धरला, माझ्याकडे पाहिलं, आणि तो हात पुन्हा माझ्या हातात दिला.

"मनगटाला धरा," ती म्हणाली. "बोटं दुखत्यात." आणि आत गेली.